वाघोबाच्या उतारावरचं हँडल

वाघोबाच्या ठाण्यापुढून जाताना हात जोडायचा, हे डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही. पोर कडेवर असतं तेव्हाच आई त्याचा हात धरून कपाळाला लावते, झालं. पुढं तेच पोर मोठं होऊन मोटरसायकल घेतं, तरी हात चुकत नाही. आता गाडीवर दोन्ही हात जोडता येत नाहीत एवढं वाघोबालाही कळतं, एक चालतो. पण तो उजवाच. डावा हात देवाला दाखवलेला कुणी बघितलाय का? आणि उजव्या हातात तर ॲक्सिलेटर असतो. म्हणून उतार लागला की गाडी न्यूट्रल करून मोकळी सोडायची, तेवढंच पेट्रोलही वाचतं, आणि ठाण्यापुढं उजवा हात सोडून कपाळाला आणि छातीला लावायचा. सगळे असंच करतात. वैजयंतीही करायची.

फक्त तिनं हात जोडला की गाडीचं हँडल लटलट हलायला लागायचं.

पहिल्यांदा झालं ते मोहिनीच्या बारावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी. मोहिनी वैजयंतीची एकुलती एक लेक. एरवी ती घोडेगावला कॉलेजला जीपनं जायची, पण जीपवाला माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि एसटीचा तर काही नेमच नाही. परीक्षेला कुणाच्या भरवशावर बसायचं? म्हणून वैजयंतीनं नवऱ्याची जुनी गाडी काढली. चालवायला ती कधीच शिकली होती, भाताची खाचरं मोकळी झाली की त्यात गोल गोल फिरवून. मागं मोहिनी, तिच्या मांडीवर पुस्तकं, आणि गाडी उताराला लागली. वैजयंतीनं हात कपाळाला नेला मात्र, डाव्या हातातलं हँडल कुणीतरी समोरून धरून हिसडल्यासारखं डावं-उजवं, डावं-उजवं करायला लागलं. डावीकडं दरी, खाली धरणाचं पाणी. तिनं उजवा हात हँडलवर टाकला, जीव खाऊन दाबून धरलं आणि पायाचा ब्रेक मारला. गाडी कडेच्या खडीत जाऊन उभी राहिली.

"आये, काय झालं गं?" मोहिनीनं विचारलं.

"काय न्हाई. खड्डा व्हता," वैजयंती म्हणाली. रस्ता नवा होता, खड्डा कुठला आलाय! पण पेपरला निघालेल्या पोरीला आणखी काय सांगणार? पुढं घोडेगावपर्यंत तिनं गाडी हळूहळू, दोन्ही मुठी आवळून नेली.

तिला एवढं भ्यायला कारण होतं. तिचा नवरा सुभाष दिवाळीच्या आधी ह्याच उतारावर, ह्याच गाडीवरून पडला होता. रस्ता कोरडा, समोर ना गाडी ना ढोर. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. डोक्यालाही मार बसला, त्यामुळं पडण्याच्या आधीचं त्याला काही म्हणता काही आठवेना. हीच मोठी पंचाईत झाली. ज्याला आठवायला पाहिजे त्याला आठवत नव्हतं, आणि जे तिथं नव्हतेच त्यांना सगळं ठाऊक होतं. सुभाषची आई गोजरबाई दवाखान्यातच म्हणाली, "हात जोडला नसंल ह्यानं. त्या मोबाईलच्या नादात ऱ्हायला आसंल." झालं, वाडीनं तेच धरलं. सुभाष आधी म्हणायचा, "न्हाई गं आये, म्या कवा चुकलोय का?" पण आठवतच नाही म्हटल्यावर शपथ कशाच्या जोरावर घ्यायची? पुढं पुढं तो गप्प बसायला लागला. ओसरीवर काठी मांडीशी घेऊन बसायचा, आणि आईनं विषय काढला की मान खाली घालायचा. गाडीवर तर पुन्हा बसलाच नाही.

संध्याकाळी वैजयंतीनं सासूला सांगितलं. सांगायला नको होतं, पण भीती एकटीनं गिळवेना.

गोजरबाईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "हात कसा जोडलास?"

"जोडते तसाच की."

"भुर्रकन लावला आन् भुर्रकन काढला, आसा जोडू नगं. ल्योक चुकला, आता सुनंवर ध्यान हाय त्याचं. नीट जोड. तोंडानं नाव घे. परीक्षा झाली की कोंबडं कापू."

म्हातारी काही वाईट नव्हती हो. तीही भ्यालीच होती, नातीसाठी. पण झालं काय, पुढच्या पेपराला वैजयंतीनं हात कपाळाला लावला तो तिथंच ठेवला आणि 'वाघोबा देवा, पोरीला सांभाळ' असं पुरतं म्हणून घेतलं. तेवढ्यात हँडल असं काही उसळलं की मोहिनी मागून किंचाळली. गाडी रस्त्याच्या मधोमध नागमोडी गेली. वरून ट्रक आला असता तर दोघींचं काय झालं असतं, हे वैजयंती दिवसभर मनात बघत राहिली.

त्या दिवशी मोहिनीला पेपरला सोडून ती दादाभाऊच्या गॅरेजला गेली. घोडेगावात दादाभाऊ म्हणजे बोलण्यात पहिला नंबर. सुभाष पडल्यावर पुढच्या चाकाच्या वाकलेल्या शॉकपच्या नळ्या त्यानंच सरळ केल्या होत्या.

"वहिनी, पुढचा टायर बघा तुमचा, निम्मा झिजलाय. टायरचंच हाय हे." त्यानं टायर बदलला. पुढच्या पेपराला हँडल हललंच. मग त्यानं चाक उचलून फिरवून बघितलं. "आऊट हाय चाकाला," म्हणाला आणि तारा आवळून आऊट काढला. ते चाक इतकं सरळ फिरायला लागलं की बघत राहावं. आणि त्याच्या पुढच्या पेपराला ठाण्यापुढं हँडल पुन्हा तसंच. मग दादाभाऊनं पाना खाली ठेवला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, तुमच्यात कुणाचं काय देवाचं ऱ्हायलंय का?"

झालं! मेकॅनिकच असं म्हणायला लागल्यावर बाईनं जायचं कुठं? वैजयंतीची झोप उडाली. डोळा लागला की मोहिनी मागच्या सीटवरून सुटून जाताना दिसायची. दोन पेपर बाकी होते, आणि न जावं तर वर्ष वाया. मोहिनीला नर्सिंगला जायचं होतं. बाप दवाखान्यात पडला होता तेव्हा तिथल्या नर्सबाईला बघून तिनं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की ती ऐकणारी नव्हती.

"मी चालत जाते, आये," मोहिनी म्हणाली. "पहाटं निघते."

"चालत जाऊन पेपर काय लिवशील? झोपशील तिथं," वैजयंती खेकसली. भीती वाटली की ती खेकसायची.

मग आणखी वाईट झालं. पेपर संपवून परत येताना, धरणाच्या अलीकडं एक लांबलचक साधा उतार आहे, तिथं वैजयंतीचा स्कार्फ सुटून तोंडावर आला. तिनं ॲक्सिलेटर सोडून उजव्या हातानं तो ओढला, आणि हँडल लटलट हललं. तसंच. ठाणं तिथून कोसभर लांब. ना शेंदूर, ना दगड, ना देवाचं काही. वैजयंतीची पाचावर धारण बसली. तिला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाघोबा ठाणं सोडून आपल्या मागं आला. आता घरापर्यंत येणार. गाडी तिनं कशीबशी थांबवली आणि कडेच्या दगडावर बसली. मोहिनीनं बाटली पुढं केली.

मोहिनी म्हणाली, "आये, तिथंबी तू हात काढती, हितंबी काढलास."

"गप ऱ्हा. देवाचं नाव आसं घेऊ नये."

"म्या देवाचं नाव कुठं घेतलं? हाताचं घेतलं."

दोघी गाडीवर बसून चढाला लागल्या. ठाणं आलं. चढ चढताना ॲक्सिलेटर सोडून कसं चालेल, गाडी मागं येईल, म्हणून चढताना सगळे नुसती मान झुकवतात. तिनं मान झुकवली. हँडल जागचं हललं नाही. तेव्हा तिच्या डोक्यात आलं की चढताना आजवर एकदाही हललं नव्हतं. जाताना वाघोबा रागावतो आणि येताना त्याला डुलकी लागते की काय? मनातल्या मनात असं बोलली आणि लगेच तिनं कानाची पाळी धरली. पण विचार काही जाईना.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. वैजयंती कुणाला न सांगता एकटीच धरणाच्या त्या साध्या उतारावर गेली. देव नाही तिथंच बघायचं ठरवलं होतं तिनं. गाडी न्यूट्रल केली. काळीज असं धडधडत होतं की तिला इंजिनचाच आवाज वाटला. दात आवळले आणि उजवा हात काढून नुसता मांडीवर ठेवला. कपाळाला नाही, छातीला नाही, देवाचं नावही नाही. हँडल थरथरलं. एकटी होती म्हणून जरा कमी, पण थरथरलं. तिनं पटकन हात टाकला, थांबलं. पुन्हा काढला, पुन्हा थरथरलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती करतच राहिली, उतार संपेपर्यंत. खाली पोचली तेव्हा भीतीच्या जागी राग आला होता, आणि त्या रागातच तिनं गाडी फिरवून थेट दादाभाऊच्या दारात नेऊन लावली.

"भाऊ, देवाचं काय न्हाई. हात सोडला की हालतंय. उतारावर, इंजिन वढत नसताना. मागं माणूस आसलं की जास्ती. आता बघा."

"आसं सांगा की मग!" दादाभाऊ म्हणाला. जसं काही हे विचारायचं काम त्याचं नव्हतंच. त्यानं इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं. हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवलं. बरोबर मध्ये आलं की ते खाचेत अडकल्यासारखं व्हायचं. मग खाली बसून त्यानं शॉकपच्या दोन्ही नळ्या खालून धरल्या आणि पुढं-मागं ओढल्या. टक. टक. टक. वैजयंतीनं स्वतः हात लावून बघितला, तो ठोका तिच्या तळहाताला लागला.

"कोनसेट गेलाय," दादाभाऊ म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं त्या. हेच आधी बघायला पायजे व्हतं म्या."

"मग का न्हाई बघितलं?"

"डोक्यात तो उतारच बसला व्हता ना, वहिनी. खोटं कशाला बोलू?"

जुन्या गाडीचा कोनसेट घोडेगावात नव्हता. गाडी तिथंच ठेवून वैजयंती जुन्नरला गेली, बाजाराच्या बोळात तीन दुकानं फिरली आणि चौथ्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं फळीवरची धूळ झटकून डबी काढून दिली. दिवस कलायच्या आत ती परत आली. दादाभाऊनं हँडल उतरवून गोळ्यांच्या जुन्या वाट्या काढल्या. आतलं ग्रीस सुकून काळं ढेकूळ झालं होतं, वाटीत खळगे पडले होते, गोळ्या तांबड्याभडक.

"वढ्यात घालून धुता का गाडी?"

"सगळीच धुत्यात."

"पाणी प्यालाय हा. आन् हा गंज आजकालचा न्हाई. दोन पावसाळे तरी झाले आसतील."

वैजयंतीनं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन झालं. दोन पावसाळे. सुभाष पडला त्याच्याही आधीपासून. ती नुसती त्या तांबड्या गोळ्यांकडं बघत राहिली. दादाभाऊ नव्या वाट्या ठोकत होता. त्यानं नट आवळला, जरा ढिला केला, पुन्हा आवळला, आणि शेवटी हँडल बोटानं ढकललं तर ते आपसूक एका बाजूला जाऊन टेकलं, न अडखळता, न ठोका देता.

"झालं. पण खरं कळायचं तर तिथंच जाऊन हात सोडून बघा. मागं माणूस बसवून."

"तुमीच चला की."

"वाघोबाच्या उताराला?" दादाभाऊ पान्यावरचं ग्रीस पुसायला लागला. "माझी लेकरं ल्हान हायेत, वहिनी."

वैजयंती घरी आली आणि सगळं सांगितलं. कोनसेट, गोळ्या, गंज. गोजरबाई चुलीपुढून उठली नाही. "देवाचं देवापाशी, गाडीचं गाडीपाशी," एवढंच म्हणाली आणि लाकूड पुढं सारलं. सुभाषनं मात्र एक सवाल केला.

"गंज कवाचा म्हणाला?"

"दोन पावसाळं झालं म्हणाला."

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर. सकाळी लवकर वैजयंती उठली. आधी बघून येते आणि मग पोरीला घेऊन जाते म्हणाली. मोहिनी म्हणाली, "मी बसते मागं," आणि वैजयंतीनं तिला असं काही झापलं की पोर घरात निघून गेली. तेव्हा ओसरीवरून काठीचा आवाज आला. सुभाष अंगणात उतरत होता.

"मी बसतो."

"तुमी? त्या पायानं?"

"वजन पायजे ना? मग."

वैजयंतीला नाही म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिनं गाडी घट्ट धरून ठेवली. त्यानं काठी भिंतीला लावली, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडं टाकला आणि तिच्या खांद्यांना धरून बसला. त्याचे तळहात ओलेचिंब होते, ब्लाउजमधूनसुद्धा तिला कळलं.

गाडी उताराकडं निघाली. वैजयंतीला आता सगळंच खोटं वाटायला लागलं होतं. गंज असेल, खळगे असतील, पण त्याच ठिकाणी का पडावा माणूस? आपण देवाची परीक्षा बघायला निघालोय, आणि मागं हा सळईचा माणूस बसवलाय. पुन्हा पडला तर ही मांडी कुणी जोडेल का? आणि आपण पडलो तर मोहिनीला पेपरला कोण नेणार? गाडी थांबवावी, उतरावं, ढकलत न्यावी, असं दहादा मनात आलं. समोर शेंदराचा दगड दिसायला लागला. तिनं गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज पडला आणि टायरची सळसळ तेवढी ऐकू यायला लागली. सुभाषची बोटं तिच्या खांद्यात रुतली.

"वैजे, ऱ्हाऊ दी," तो मागून म्हणाला.

तिनं हात सोडला.

कपाळाला लावला. छातीला लावला. डाव्या हातात हँडल होतं आणि ते गप्प होतं. तिला खरं वाटेना, म्हणून पुन्हा कपाळाला लावला आणि तिथंच ठेवला, सासूनं सांगितलं होतं तसा, नाव घेऊन. गाडी सरळ चालली होती. ठाणं मागं गेलं, वळण आलं, तिनं हात हँडलवर आणला आणि वळण घेतलं. खाली सपाटीला येऊन तिनं गाडी कडेला लावली तेव्हा ती हसत होती, रडत होती, काय करत होती तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आजपासनं कुणी हात सोडायचा न्हाई," ती म्हणाली. "मागं बसंल त्यानं दोघांचा जोडायचा. आज मोहिनी जोडंल."

सुभाष उतरायला तयार नव्हता. त्याचे हात अजून तिच्या खांद्यावरच होते.

"हात सोडला व्हता ना तू?" त्यानं विचारलं.

"सोडला की. तुमी बघितलं."

"आन् कोनसेट जुना आसता तर?"

"तर पडलो आसतो. दोघंबी."

"म्हंजी हात जोडल्याबिगर गाडी पडत न्हाई."

"न्हाई. हँडल धरून ऱ्हायला आसता तर पडलाच नसता तुमी." वैजयंती मागं वळली. "जोडला व्हता तुमी. म्हणून पडला."

सुभाषनं तिच्या पाठीला कपाळ टेकलं. एवढा मोठा बाप्या माणूस, पण असा रडला की तिची पाठ हलायला लागली. दिवाळीपासूनचं सगळं बाहेर येत होतं, आणि वैजयंती त्याला थांब म्हणाली नाही. रस्त्यानं दुधाची गाडी गेली, ड्रायव्हरनं वळून बघितलं, बघू दे म्हणाली ती मनात.

मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं. ऊन वर यायला लागलं होतं, मोहिनीला घ्यायला वर जायचं होतं. वैजयंतीनं गाडी फिरवली आणि किक मारली.

"घरी गेलं की आयेला तू सांग," सुभाष मागून म्हणाला. "म्या सांगितलेलं तिला खरं वाटायचं न्हाई."